सातवा नियम आणि आईची सहा वर्षं

२ फेब्रुवारी, सोमवार

चारशे बारा आया आणि त्यांची चारशे बारा मुलं यांनी कुठल्या वर्षी काय केलं हे माझ्याकडे नोंदवलेलं आहे, आणि मी स्वतः गेल्या मंगळवारी काय केलं ते मला सांगता येत नाही. संशोधकाला हे शोभत नाही. म्हणून आजपासून लिहायचं.

आधी माझी सद्यःस्थिती. वय सदतीस. अविवाहित. मुक्काम आईबाबांकडे, माझ्या जुन्याच खोलीत, जिथलं टेबल माझ्या सातवीतल्या उंचीचं आहे. नोकरी एका संशोधन संस्थेत, पण कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नव्याने सही करायची. हे कंत्राट एप्रिलअखेर संपतं. त्याआधी २७ मार्चला समितीपुढे माझं सादरीकरण आहे. ते चांगलं झालं तर कायमची जागा. नाही झालं तर मी आणि ते टेबल.

जागेच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरात एक अट आहे. पाहणीसाठी गावोगाव फिरावं लागतं, तेव्हा उमेदवाराकडे गाडी चालवण्याचा परवाना हवा. मी त्या परीक्षेला दोनदा बसलो आहे. त्याबद्दल आज लिहीत नाही.

५ फेब्रुवारी

जेवताना बाबांना माझी पद्धत समजावून सांगितली. पंधराव्या वर्षापासून चाळिसाव्यापर्यंत दर वर्षाला एक चौकोन. शिकत असाल तर निळा, नोकरीत हिरवा, घर सांभाळत असाल तर पिवळा, काम शोधत असाल तर राखाडी. सव्वीस चौकोनांची एक पट्टी म्हणजे एक माणूस. मग दोन पट्ट्या शेजारी ठेवायच्या आणि एकीची दुसरी करायला किती चौकोन बदलावे, घुसवावे किंवा काढावे लागतात ते मोजायचं. जितकी खटपट जास्त तितकी ती दोन आयुष्यं एकमेकांपासून लांब.

"म्हणजे एकाचा सदरा दुसऱ्याला बसवायला किती उसवावा लागेल ते," बाबा म्हणाले. बाबा चौतीस वर्षं एकाच कार्यालयात होते. त्यांना पद्धत लगेच कळली याचं मला थोडं वाईट वाटलं.

"माझी पट्टी कशी दिसेल?"

"सात निळे, पुढे सगळे हिरवे."

"इस्त्री केल्यासारखी," ते म्हणाले आणि पुन्हा वाढून घेतलं.

आईने विचारलं, "आणि माझी?" मी म्हटलं, तुझा अर्ज रविवारी भरू. खरं तर तिची पट्टी मला न विचारताच काढता आली असती.

८ फेब्रुवारी, रविवार

आईचा अर्ज भरला. आम्ही नमुन्यात नाही (मी अजून चाळिशीचा नाही), पण समितीला पद्धत दाखवायला एक उदाहरण हवं, आणि घरचं उदाहरण फुकट मिळतं.

आईने एकोणतिसाव्या वर्षापर्यंत भराभर सांगितलं. शाळा, एक वर्ष कॉलेज, एक वर्ष मामाच्या दुकानात, लग्न, घर, मी. तिथे ती थांबली.

"पुढे?"

"पुढे लिही काहीतरी."

"आई, काहीतरी असा रंग नसतो. नोकरी, घर की शिक्षण?"

तिने अर्ज माझ्याकडून घेतला, उलटसुलट करून बघितला, आणि म्हणाली, "यात नाही बसत रे. राहू दे ते कोरं." मग छत्तिसाव्या वर्षापासून "घर" असं सांगितलं आणि भाजी चिरायला गेली.

सहा चौकोन कोरे. काही अडचण नाही. माझा सातवा नियम त्यासाठीच आहे: चौकोन कोरा असेल तर आधीचाच रंग पुढे ओढायचा. माणसाला सांगण्यासारखं काही नसतं, तेव्हा बहुधा काही बदललेलंच नसतं. सहाही चौकोन पिवळे केले. आईची पट्टी आता छान सलग दिसते.

माझी पट्टी मात्र बघण्यासारखी आहे. चौदा निळे, मग राखाडी, हिरवा, राखाडी, हिरवा, हिरवा, राखाडी आणि शेवटी तीन हिरवे. आईच्या आणि माझ्या पट्टीतलं अंतर काढलं, तर सगळ्या नमुन्यातल्या मायलेकरांपेक्षा जास्त निघालं. आईला दाखवलं. "तुझ्यापासून सगळ्यात लांब गेलेला मुलगा," मी म्हटलं.

"शेजारच्या खोलीत तर राहतोस," आई म्हणाली.

१२ फेब्रुवारी

आमच्या विभागात माहिती भरणाऱ्या एक बाई आहेत. वय सत्तावन्न. त्यांना सगळे खोडरबर म्हणतात, कारण त्या प्रत्येक कागदावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतात आणि मग लिहिलेलं खोडावं लागतं. आज त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. आयांच्या अर्जांत दोन हजार एकशे चाळीस चौकोन कोरे. मुलांच्या अर्जांत तीनशे सहा.

"सर, आयांचे एवढे कोरे कसे?"

मी शांतपणे सांगितलं की त्या पिढीत फारसं काही घडत नसे, म्हणून कोरे.

"आणि विचारणाऱ्यांनी समासात काय काय लिहिलंय, ते तुम्ही भरू नका म्हणालात."

"समासातलं भरायचं नसतं. समासातलं मोजता येत नाही."

त्यांनी कागदावर प्रश्नचिन्ह काढलं आणि गेल्या. निवृत्तीला तीन वर्षं राहिली की माणसाचं लक्ष कामातून उडतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी गाडीतून मावशीकडे नेलं. मी मागे, आई बाबांच्या शेजारी. आईला गाडीची फार भीती. चौक जवळ आला की तिचा उजवा पाय खालच्या रबरी चटईवर दाबला जातो. चटईला तिथे खड्डा पडला आहे. सिग्नलला एका टेम्पोवाल्याने तिला बघून हात कपाळाला लावला. मी विचारलं, कोण? "ओळखीचा असेल कोणी," ती म्हणाली आणि बाबांना सांगितलं, "क्लच अर्धाच सोडलाय तुम्ही."

बाबांनी क्लच सोडला. एवढी वर्षं शेजारी बसून बायकांनाही थोडंफार कळायला लागतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मुख्य चित्र तयार झालं. चारशे बारा आयांच्या पट्ट्या एकाखाली एक, आणि सगळं चित्र पिवळं. त्याच्या शेजारी मुलांच्या पट्ट्या, गोधडीसारख्या रंगीबेरंगी. बघताक्षणी कळतं: आयांची आयुष्यं साधी, एकमार्गी, मुलांची वळणावळणाची. संचालकबाई खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेल्या. "याला नाव द्या," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पिवळी भिंत. बाई हसल्या. बाई वर्षातून एकदा हसतात आणि ते त्या आज वापरून मोकळ्या झाल्या.

घरी सांगायला आलो तर आई नव्हती. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती लोकर आणायला जाते. चार महिने झाले, अजून एक मोजा बाहेर पडलेला नाही. या वयात घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त लागतं, ते मी समजू शकतो.

१ मार्च, रविवार

सादरीकरणाची सुरुवात माझ्या बालपणापासून करावी का? निरीक्षणाची हौस मला लहानपणापासून आहे. चौथीत असताना मी लिहिलेला एक निबंध इतका वेगळा होता की मुख्याध्यापकांनी बाबांना मुद्दाम शाळेत बोलावून घेतलं होतं. कुठला निबंध ते आता आठवत नाही. शाबासकीसाठीच बोलावलं असणार, कारण त्यानंतर बाबा बरेच दिवस गप्प होते आणि आई माझ्याशी फार प्रेमाने वागत होती.

आणखी एक आठवण. लहानपणी आम्हाला काका खूप होते. आई मला दुपारी मागच्या सीटवर बसवायची आणि एखादे काका गाडी चालवायचे. सगळेच काका फार सावकाश चालवायचे आणि घाम पुसायचे. नंतर ते काका कुठे गेले कळलं नाही. एकत्र कुटुंबपद्धती मोडली ती अशी. हे सादरीकरणात घालता येईल.

१० मार्च

परवान्याचा विषय काढतोच. पहिल्या परीक्षेत मी चढावर गाडी थांबवली आणि ती मागे गेली. दुसऱ्या परीक्षेत परीक्षकच मागे गेले, म्हणजे उतरून चालत. माझ्या जुन्या ड्रायव्हिंग स्कूलने मला तिसऱ्यांदा घ्यायला नकार दिला. प्रेमाने दिला, पण दिला.

म्हणून आज बसस्टॉपमागच्या दुसऱ्या स्कूलमध्ये नाव घातलं. एक खोली, दोन खुर्च्या, भिंतीवर सगळ्या खुणांचा जुना तक्ता. मालक पंचाहत्तरीचे. त्यांनी माझा अर्ज वाचला. पत्ता वाचून चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, चष्मा घातला आणि पुन्हा पत्ता वाचला.

"तुम्हाला मॅडमकडे देतो," ते म्हणाले. "अवघड गिऱ्हाइकं त्याच घेतात. मंगळवार-शुक्रवार, तीन वाजता."

योगायोग म्हणजे आईच्या लोकरीचेच वार. घरी सांगायची गरज नाही.

१३ मार्च, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहितो.

तीनला पाच कमी असताना पोचलो. छोटी पांढरी गाडी दारात उभी होती. मी चालवायच्या जागी बसलो, आसन पुढे ओढलं, हात नीट ठेवले. शेजारचं दार उघडलं आणि आई आत येऊन बसली.

मी म्हटलं, "आई, मी इथे क्लाससाठी आलोय. लोकर नंतर."

"आधी आरसा," आई म्हणाली.

मी आरसा नीट केला.

"आता पट्टा. किल्ली फिरवायच्या आधी गिअर कुठेय ते बघ. आणि खांदे खाली घे, तू काही उचलणार नाहीयेस."

पहिली दहा मिनिटं मी काही बोललो नाही, कारण आईने बोलू दिलं नाही. गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा आई म्हणाली, "घाबरू नकोस, ब्रेक माझ्याकडेही आहे." मी खाली बघितलं. तिच्या पायापाशी खरंच एक ब्रेक होता. तिचा उजवा पाय त्यावर अलगद टेकला होता, अगदी बाबांच्या गाडीतल्या चटईवर टेकतो तसाच.

पाण्याच्या टाकीमागे मोकळा रस्ता आहे. तिथे गाडी बाजूला घेतल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"आत्ता म्हणशील तर चार महिने. मालक घरी आले होते. बायका शिकायला येतात, म्हणाले, त्यांना बाई हव्या असतात शिकवायला."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी सहा वर्षं. तू चार वर्षांचा होतास तेव्हापासून दहाचा होईपर्यंत. तुला ठेवायचं कुठे, म्हणून मागे बसवायची."

काकांचा उलगडा झाला. मी ते सगळे मनात मोजले. निदान तीसेक तरी होते.

"मग अर्जात का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस, नोकरी, घर की शिक्षण. नेमणुकीचं पत्र नव्हतं, म्हणजे नोकरी नव्हे. घरात नव्हते, म्हणजे घर नव्हे. शिकवत होते, शिकत नव्हते. म्हणून म्हटलं कोरं ठेव. कोरं ठेव म्हटलं होतं मी, पिवळं कर नव्हतं म्हटलं." मग म्हणाली, "चल, चढावर घे."

चढावर गाडी मागे गेली नाही.

१५ मार्च, रविवार

दोन दिवस आईशी नीट बोलता आलं नाही. राग आहे, पण कोणाचा ते सापडत नाही. आज बाबांना गाठलं. ते पेपर वाचत होते.

"बाबा, आईने शिकवणं बंद का केलं?"

बाबांनी पेपर खाली ठेवला नाही. पेपरामागूनच म्हणाले, "कपाटात वरच्या कप्प्यात तुझ्या शाळेच्या वह्या आहेत. चौथीची बघ."

वही सापडली. निबंध तसाच उतरवून ठेवतो.

"माझी आई. माझी आई खूप फिरते. ती रोज दुपारी वेगवेगळ्या काकांबरोबर गाडीतून जाते. ती मला मागे बसवते व गप्प बसायला सांगते. काका घाबरलेले असतात. आई त्यांचा हात धरून गिअरवर ठेवते. एक काका रडले. बाबा ऑफिसातून येण्याच्या आत आम्ही घरी येतो. मला माझी आई फार आवडते."

खाली लाल शाईत: पालकांनी त्वरित भेटावे.

मी वही मिटून काखेत घेतली. मग बाहेर आलो. बाबांनी आता पेपर खाली ठेवला होता.

"मुख्याध्यापकांना मी समजावलं, त्यांना पटलं," ते म्हणाले. "पण तोवर शिपायापासून सगळ्यांपर्यंत पोचलं होतं. कोणाकोणाला समजावणार? ऑफिसात मी ती घरीच असते असं सांगून ठेवलेलं. मी हिला म्हटलं, थोडे दिवस बंद ठेव. ते थोडे दिवस लांबले."

"किती?"

"सत्तावीस वर्षं." त्यांनी चष्मा पुसला. "चुकलंच ते. मी एकदा म्हणायला हवं होतं, पुन्हा सुरू कर. म्हणालो नाही."

मी विचारलं, "तुम्हाला गाडी कोणी शिकवली?"

"मी स्वतः शिकलो," बाबा म्हणाले. स्वयंपाकघरातून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. "ती फक्त शेजारी बसायची," त्यांनी भर घातली.

मला अजून झेपत नाही. आईचे चौकोन दोनदा पिवळे झाले. एकदा चौथीत आणि एकदा आठ फेब्रुवारीला. दोन्ही वेळा माझ्याच हातून, आणि दोन्ही वेळा मला वाटलं की निरीक्षण उत्तम झालं.

१६ मार्च, सोमवार

बसमध्ये एक विचार आला आणि उतरायचं विसरलो. आईचे सहा चौकोन मी रंगवले. मग उरलेल्या दोन हजारांहून जास्त चौकोन कोणी रंगवले?

ऑफिसात पोचताच सातवा नियम बंद करून चित्र पुन्हा काढलं. पिवळ्या भिंतीला भगदाडं पडली. काही ठिकाणी तर भिंतच नाही, नुसती पांढरी जागा.

खोडरबरांकडे गेलो. कसं सुरू करावं कळेना. म्हटलं, "ते समासातलं, तुम्ही नसेलच ठेवलं."

त्यांनी खणातून दोनशे पानी वही काढली. प्रत्येक कोऱ्या अर्जासमोर त्यांनी समासातली नोंद स्वतःच्या अक्षरात उतरवून ठेवली होती. भरू नका म्हटलं होतं, वाचू नका म्हटलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. मी वाचत गेलो. "हसल्या, विषय बदलला." "सुनेकडे बघून गप्प." "म्हणाल्या, ते लिहू नका, पण चार वर्षं होतं." "मुलाला खोलीबाहेर जायला सांगितलं, तो गेला नाही." "चहा घ्या म्हणाल्या." चहा घ्या म्हणाल्या असं तेवीस ठिकाणी होतं.

दोनशे छत्तीस आया आहेत अशा. आम्ही चाळीस निवडल्या. वीस मी, वीस त्या. उद्यापासून फोन.

१८ मार्च

फोनवर बायका बोलायला लागल्या की मला रंग सुचत नाहीत. एकीने पाच वर्षं दिराच्या छापखान्यात मुद्रितं तपासली. पुस्तकांवर नाव दिराचं. एकीने घरात सात मुलं सांभाळली, त्यातलं एकही तिचं नव्हतं. एक दोन वर्षं माहेरी जाऊन राहिली आणि मग परत आली, ते मुलांनाही सांगितलेलं नाही. तिने मला तीनदा विचारलं, तुमचं नाव काय म्हणालात, आणि मग सगळं सांगितलं. एक दवाखान्यात होती. एकीने सासऱ्यांच्या नावावरची पोस्टाची एजन्सी नऊ वर्षं चालवली. ती म्हणाली, सासऱ्यांना सही सोडून काही येत नव्हतं, आणि सहीसुद्धा मीच शिकवली.

चाळिसांपैकी खरोखर घरीच होत्या अशा नऊ. त्या नऊजणींतल्या एकीने विचारलं, "आधी का नाही विचारलंत?"

म्हटलं, विचारलं होतं. "विचारलं नव्हतंत," ती म्हणाली, "चार पर्याय दिले होतेत."

१९ मार्च

आज काही केलं नाही. फक्त विचार केला, आणि तो इथे लिहायला लाज वाटते, पण वहीला काय लपवायचं.

गप्प बसलो तर कोणालाही कळणार नाही. सातवा नियम सगळेच वापरतात. समितीला पिवळी भिंत आवडेल. जागा मिळाल्यावर सावकाश, एका तळटिपेत दुरुस्ती करता येईल. खोडरबर बोलणार नाहीत, त्या फक्त प्रश्नचिन्ह काढतात.

आईला वरवर विचारलं, एखादी गोष्ट कायमची व्हायची असेल तर एकदा गप्प बसावं का? आई कपड्यांच्या घड्या करत होती. "एकदाचं कुठे असतं ते," ती म्हणाली. मग माझा शर्ट घडी करून माझ्याच हातात दिला.

२० मार्च, शुक्रवार

संचालकबाईंना सांगितलं. त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघितली.

"पहिलं जास्त पटतं," त्या म्हणाल्या.

"पटतं, पण ती भिंत बाहेर नाही बाई. ती मी इथे बसून रंगवली आहे."

"समितीला निष्कर्ष हवा असतो. भोकं नको असतात."

"हो."

बाईंनी चष्म्याची काडी चावली. "मी तुम्हाला काय दाखवा ते सांगणार नाही. वाचवायलाही येणार नाही. जा."

तिथून थेट क्लासला गेलो. आईने विचारलं, काय झालं? सांगितलं. तिने डॅशबोर्डकडे बघितलं. मग म्हणाली, "इंडिकेटर चालू राहिलाय तुझा मघापासून."

२७ मार्च, शुक्रवार

झालं.

समितीत पाच जण. मध्यभागी बाहेरून आलेले एक वयस्कर गृहस्थ, जाड चष्म्याचे. आधी पिवळी भिंत दाखवली. माना डोलल्या. मग म्हटलं, यातला पाचवा भाग आयांनी सांगितलेला नाही, मी भरलेला आहे. पुढचं चित्र लावलं, पांढरी भगदाडं पडलेलं. माना थांबल्या. मग चाळीस फोन. आईचं नाव घेतलं नाही, पण उदाहरण तिचंच दिलं, आणि निबंध वाचून दाखवला. "एक काका रडले" या वाक्याला संचालकबाई हसल्या. वर्षातलं दुसरं.

जाड चष्म्यांनी विचारलं, "उरलेल्या कोऱ्या चौकोनांत काय आहे?"

"माहीत नाही."

"मग आईच्या आणि मुलांच्या पिढीत फरक आहे की नाही?"

"असेल. पण मी मोजला तो फरक आयुष्यांतला होता की आमच्या अर्जातला, ते आज सांगता येत नाही."

"आणि हे तुम्हाला सादरीकरणाच्या दोन आठवडे आधी कळलं?"

"हो. गाडी शिकताना."

"परवाना मिळाला?"

"नाही."

पाचही जणांनी काहीतरी लिहून घेतलं. बाहेर खोडरबर उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून पेन्सिल कानामागे खोचली, म्हणजे प्रश्न नव्हता. ते मला कायमच्या जागेपेक्षा फार कमी वाटलं नाही, हे मात्र खरं. रात्री मात्र वाटेल.

३ एप्रिल

पत्र आलं. कायमची जागा तूर्त भरायची नाही. मला आणखी एक कंत्राट, अकरा महिन्यांचं; काम, त्या दोनशे छत्तीस आयांकडे प्रत्यक्ष जाऊन पुन्हा विचारणं, पर्याय न देता. खोडरबरांना माझ्याबरोबर नेमलं आहे. परवाना दोन महिन्यांत सादर करावा.

म्हणजे माझ्या पट्टीत आणखी एक कंत्राटी चौकोन. जागा हातची गेली याचं दुःख झालं. दुपारभर झालं. बाबा म्हणाले, "इस्त्री बिघडली की पुन्हा करता येते." त्यांना वाटलं ते धीर देत आहेत.

५ एप्रिल, रविवार

आईने स्वतः अर्ज मागून घेतला. "दे तुझे रंग."

मी हिरवा पुढे केला. तिने सहाही चौकोनांत मधोमध आडवी रेघ मारली. वर हिरवा भरला, खाली पिवळा.

"अर्धा चौकोन यंत्रात बसत नाही," मी म्हटलं.

"मग काय स्वयंपाक तुझ्या काकांनी केला? यंत्राला शिकव." मग ती पुढे गेली आणि छत्तिसापासून चाळिसापर्यंतच्या पिवळ्या चौकोनांवर पेन ठेवून थांबली. वाटलं तिथेही काहीतरी निघणार. पण तिने ते तसेच सोडले.

"हे खरेच पिवळे आहेत," ती म्हणाली.

मी म्हटलं, "निबंधामुळे. माझ्यामुळे."

"तू दहा वर्षांचा होतास रे. जे दिसलं ते लिहिलंस. वाचणारे मोठे होते." तिने अर्ज फिरवून माझी पट्टी बघितली. "आणि हे काय, तू पंधराव्या वर्षापासूनच आहेस? मागच्या सीटवर बसायचास तो कुठे आहे?"

पट्टी पंधरापासूनच सुरू होते हे मी समजावून सांगितलं. तिला ते पटलं नाही. मलाही सांगताना फारसं पटत नव्हतं.

२१ एप्रिल, मंगळवार

पास झालो.

चढावर थांबवली, पुन्हा काढली, आरसा बघितला, खांदे खाली. परीक्षक शेवटपर्यंत गाडीतच होते. कागदावर शिक्का मारताना त्यांनी विचारलं, कुठे शिकलात? सांगितलं. ते म्हणाले, "मॅडमकडे? मग आधी दोनदा नापास कशाला झालात?" त्यांनाही तिनेच शिकवलं होतं. माझ्या हिशेबात हे एकतिसावे काका.

आईबाबा बाहेर आमच्या गाडीपाशी थांबले होते. बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि मागे जाऊन बसले. जन्मात पहिल्यांदा मागे बसले. आई शेजारी. आमच्या गाडीत तिच्या बाजूला ब्रेक नाही, नुसती खड्डा पडलेली चटई आहे.

मोठ्या चौकात बस आडवी आली. मी थांबलो, बसला जाऊ दिलं, पुन्हा निघालो. तेवढ्यात चोरून आईच्या पायांकडे बघितलं. चपला काढून ती सीटवर मांडी घालून बसली होती आणि खिडकीतून बाहेर दुकानं बघत होती.

मागे बाबा मात्र घरी येईपर्यंत दोन्ही पाय दाबून बसले होते.